स्वयंपाकघरातला नाताळ : पेंढा, लोंब्या आणि नाचणीची सजावट
(उमरोळी, जि. पालघर येथील महिला शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतले दोघे-तिघे गालात हसले, ते मी पाहिले. तुडतुडे सोडून, चिकूची बी पोखरणारी अळी सोडून ही बाई आता स्वयंपाकघर सजवायला शिकवणार, असे त्यांना वाटले असणार. वाटू द्या. मी ज्या वस्तूंबद्दल बोलणार आहे त्या सगळ्या तुमच्याच खळ्यावर पडलेल्या आहेत, आणि त्यांच्याऐवजी बाजारातून आणलेल्या वस्तूंनी माझ्या घरात काय केले, तेही सांगणार आहे.

माझे माहेर वसईच्या वाडीतले. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता, आपल्या शेजारचा तारापूरचा किल्लाही त्यांच्याच ताब्यात होता. तेव्हापासून या किनाऱ्यावर ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती आहे. नंतर तारापूर-बोईसरला कारखाने आले आणि गोव्याची, केरळची, वसईची कुटुंबे इकडे राहायला आली. मीही नोकरीमुळे उमरोळीत घर केले. आज इथल्या चाळीत दिवाळीचा आकाशकंदील उतरला की शेजारच्या दारात नाताळचे नक्षत्र चढते, आणि मुले दोन्हीकडे फराळाला जातात. म्हणून हा विषय एकाच धर्माच्या घरांपुरता आहे असे समजू नये.

लग्नानंतरच्या दुसऱ्या नाताळात मी बाजारातून चकचकीत प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या आणल्या आणि हौसेने ओट्याच्या वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधल्या. २४ तारखेच्या संध्याकाळी गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या. एका बाजूची गाठ उष्णतेने वितळली, माळ खाली आली आणि कोंबडीच्या रश्शाच्या टोपात अर्धी आणि जाळावर अर्धी पडली. जळके थेंब ओट्यावर टपकू लागले. माझी तीन वर्षांची पुतणी ओट्याला टेकून उभी होती. सासूबाईंनी आधी तिला उचलले, मग गॅस बंद केला. रस्सा सगळा टाकावा लागला. पैसे गेले, सणाचे जेवण गेले आणि पुतणीच्या दंडावर वाटाण्याएवढा डाग राहिला, तो अजून आहे. त्या वर्षी सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

पुढच्या डिसेंबरात मी माहेरी गेले तेव्हा आईच्या स्वयंपाकघरात काय असायचे, ते नव्याने पाहिले. खिडकीत नाचणीचे हिरवे रोप, दारावर भाताच्या लोंब्या, फळीवर पेंढ्याची गव्हाण. रोख खर्च म्हणाल तर सुई-दोरा. आपल्याकडे डिसेंबर हा तसा अडचणीचा महिना. भात झोडून होते, पण विकल्याचे पैसे हातात पडायला कित्येकदा जानेवारी उजाडतो, आणि सण काही थांबत नाही.

आता मुख्य माल, तो म्हणजे पेंढा; आपल्याकडे पावली म्हणतात तीच. सजावटीला सगळी पावली चालत नाही. भाताच्या ताटात लोंबीच्या लगेच खालची जी कांडी असते, ती सर्वांत लांब, सरळ आणि गुळगुळीत असते. तेवढीच घ्यावी. बुटक्या सुधारित वाणांमध्ये ही कांडी आखूड मिळते. ज्यांच्याकडे उंच वाढणारी झिनी किंवा वाडा कोलम असेल, त्यांना उत्तम माल मिळेल. वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते तांदळासाठी, पण त्याचा पेंढाही या कामाला सरस आहे, असा माझा अनुभव आहे. यंत्राने मळणी केलेला पेंढा चेंगरलेला असतो, त्यामुळे हाताने झोडलेल्या पेंढ्यातून निवड करावी. ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसात भिजलेला, काळे ठिपके पडलेला किंवा कुबट वास येणारा पेंढा स्वयंपाकघरात अजिबात आणू नये. त्यावर बुरशी असते आणि तिची भुकटी अन्नावर पडते.

निवडलेल्या कांड्यांची पेरे कापून टाकावीत आणि वरचे पान सोलून काढावे. भाताच्या पेंढ्यात वाळूतली सिलिका भरपूर असते, म्हणून तो कोरडा वाकवला की तडकतो. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला की लवचीक होतो. बुडवताना वर पाटा किंवा ताटली ठेवावी, कारण पोकळ कांड्या पाण्यावर तरंगतात. भिजवून झाल्यावर फडक्यावर निथळून घ्याव्यात. उन्हात वाळवलेली कांडी पांढरट होते, सावलीत वाळवलेली सोनेरी राहते. मला सोनेरी आवडते.

चांदणी अशी करावी. वीतभर लांबीच्या चार कांड्या घ्याव्यात. दोन कांड्यांची फुली करावी, दुसऱ्या दोघींची दुसरी फुली करावी, आणि ही दुसरी फुली पहिलीवर अशी ठेवावी की आठ टोके सारख्या अंतरावर येतील. मधला भाग बोटाने दाबून धरावा. आता दोरा वरच्या कांडीवरून, खालच्या कांडीखालून, पुन्हा वरच्या कांडीवरून असा गोल फिरवून मागे घट्ट गाठ मारावी. इथे घाई केली की चांदणी सुटते. पहिल्या दोन-तीन बिघडणारच, त्या चुलीला घालाव्यात. टोके कात्रीने तिरपी कापली की उठाव येतो. मग रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावी. दोऱ्याऐवजी वाळलेल्या केळीच्या सोपाची बारीक पट्टी ओली करून वापरली तर आणखी छान दिसते. हारवाले वेण्या आणि हार त्यानेच बांधतात.

दुसरा प्रकार थोडा चिकाटीचा आहे. चार बोटे लांबीच्या सारख्या १२ कांड्या कापाव्यात. कांडी पोकळ असल्यामुळे गोधडीच्या लांब सुईने दोरा आरपार जातो. चार कांड्यांचा चौकोन करावा. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून एक कांडी वर न्यावी आणि चौघींची टोके एकत्र बांधावीत. तशाच चार खाली नेऊन बांधाव्यात. दोन्हीकडे टोक असलेला, हिऱ्यासारखा पोकळ आकार होतो. दोऱ्याने टांगला की नुसत्या हवेने हळूहळू फिरत राहतो. फिनलंड देशात राय धान्याच्या काड्यांचे असेच मोठे झुंबर करतात, त्याला हिमेली म्हणतात. नाताळात ते जेवणाच्या टेबलावर टांगायचे आणि पुढचे पीक चांगले यावे म्हणून उन्हाळ्यापर्यंत तसेच ठेवायचे, अशी तिथल्या शेतकऱ्यांची रीत होती. बर्फातला शेतकरी आणि आपण, दोघांनीही शेवटी काडीच हातात घेतली, याची मला गंमत वाटते.

रंग द्यायचा असेल तर बाजारातले सोनेरी-चंदेरी फवारे आणि चमकी स्वयंपाकघरात नकोत. चमकी एकदा सांडली की महिनाभर पिठात निघते. कांड्या हळदीच्या पाण्यात अर्धा तास उकळाव्यात, पिवळ्या होतात. त्याच कांड्या चुन्याच्या निवळीत बुडवल्या की तांबूस होतात. हा रंग फार दिवस टिकत नाही, पण नाताळ तरी किती दिवसांचा असतो?

आता लोंब्यांविषयी. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर दाराला बांधण्याची कोकणातली रीत तुम्हाला मी सांगायला नको. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांत ऑक्टोबरमध्ये आगेरा हा सुगीचा सण असतो, त्यात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद घेतात. म्हणजे दारावर लोंबी ही दोन्ही घरची खूण आहे. नाताळासाठी २०-२५ लोंब्यांच्या लहान जुड्या बांधाव्यात आणि सुतळीवर वीत-वीत अंतराने उलट्या अडकवाव्यात. मधे आंब्याची पाने नकोत, ती तीन दिवसांत सुकून वळतात. त्याऐवजी पेंढ्याच्या चांदण्या घालाव्यात.

मात्र दाणा म्हटला की उंदीर आणि पाखरू आलेच. लोंब्या बांधण्यापूर्वी दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. तोरण भिंतीला चिकटवून न बांधता मोकळ्या तारेवर टांगावे. साठवणीच्या कणगीजवळ किंवा तांदळाच्या डब्यावर टांगू नये, नाहीतर एका तोरणातले पाखरू वर्षाचे भात खराब करील. सण झाल्यावर लोंब्या कोंबड्यांना घालाव्यात किंवा अंगणात चिमण्यांना ठेवाव्यात. नॉर्वे-स्वीडनमध्ये तर नाताळाला ओट धान्याची पेंढी मुद्दाम पाखरांसाठीच खांबावर बांधतात.

तिसरी गोष्ट नाचणी. गोव्याकडे आणि वसईकडे गव्हाणीभोवती हिरवे शेत दिसावे म्हणून वाटीत धान्य रुजवतात. हे काम मुलांकडे द्यावे. नारळाच्या करवंट्या घ्याव्यात, डोळ्याच्या बाजूची घेतली तर जास्त पाणी आपोआप निघून जाते. तळाला काथ्याचा भुसा आणि वर दोन बोटे चाळलेली माती भरावी. नाचणी रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड फुटू द्यावेत आणि मग दाट पेरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. नाचणीचा दाणा बारीक, खोल गेला तर वर येत नाही. डिसेंबरात रात्री थंड असतात, त्यामुळे २५ तारखेला चार बोटे उंच हिरवळ हवी असेल तर १३ तारखेच्या आसपास पेरणी व्हायला हवी. गहू घेतला तर दोन-तीन दिवस उशीर चालतो. पाणी हाताने शिंपडावे, ओतू नये. करवंट्या खिडकीत ठेवून रोज फिरवाव्यात, नाहीतर सगळी रोपे उजेडाकडे झुकतात. पहिले दोन दिवस त्यावर ओले फडके झाकावे.

घरात ज्वारी असते म्हणून कोणी ज्वारी पेरेल, तर एक सूचना. ज्वारीच्या कोवळ्या रोपात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, हे जनावरे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. नाताळानंतर ती रोपे कोणी शेळीपुढे टाकू नयेत आणि मुलांनी चावू नयेत, म्हणून ज्वारी नकोच.

विषाचा विषय निघालाच आहे, तर आज मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते इथेच सांगते. लाल आणि हिरवा हे नाताळाचे रंग. आपल्या कुंपणांवर या दिवसांत गुंजेच्या शेंगा फुटलेल्या असतात. लालचुटूक दाणा, काळा डोळा, आयते मणी. मुले ते गोळा करतात आणि आपण कौतुकाने ओवायला देतो. गुंजेत अॅब्रिन नावाचे जहाल विष आहे. अख्खा दाणा गिळला तर टणक सालीमुळे तो कधी कधी तसाच बाहेर पडतो, पण चावला किंवा ओवण्यासाठी भोक पाडले की विष मोकळे होते आणि लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. गुंजेची माळ स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. एरंडाच्या बियांचेही तेच. कण्हेरीची फुले-पाने ओट्यावर किंवा पाण्याच्या हंड्याजवळ ठेवू नयेत. पॉइन्सेटिया हे वरची पाने लाल होणारे, मूळचे मेक्सिकोचे झाड नाताळात कुंडीत मिळते. त्याचा चीक अंगाला आणि डोळ्यांना झोंबतो, तेव्हा कुंडी अंगणातच बरी. मुलाने यातले काही खाल्ल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नये, त्या झाडाची फांदी किंवा बी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

मग लाल रंग आणायचा कुठून? सुक्या मिरचीतून. बेडगी किंवा काश्मिरी मिरची देठाशी ओवून हातभर माळ करावी, मधून मधून तमालपत्र आणि दालचिनीचा तुकडा घालावा. मोसंबीची जाड साल ओली असतानाच सुरीने चांदणीच्या आकारात कापून वाळवली तर ती माळेत शोभते आणि वासही येतो. डहाणू-घोलवडकडे चिकूच्या चकत्या वाळवतात, त्याही ओवून पाहिल्या. पण मुंग्यांनी दोन दिवसांत फडशा पाडला. तेव्हा गोड काही टांगू नये. मिरचीची माळ वाफेपासून दूर ठेवावी. भाताच्या वाफेने मिरची मऊ पडते आणि मऊ मिरचीवर बुरशी येते. उतरवल्यावर एक ऊन दाखवून, एकेक मिरची मोडून आतून पाहावी, आणि ज्यात पांढरे किंवा काळे जाळे दिसेल ती टाकून बाकीच्या मसाल्यात घ्याव्यात.

गव्हाणीबद्दल थोडक्यात. ख्रिस्तजन्माचा देखावा जिवंत बैल-गाढवासह उभा करण्याची कल्पना इटलीत ग्रेच्यो गावी १२२३ साली असिसीच्या फ्रान्सिसने राबवली, असे सांगतात. आपल्या घरात गोठा म्हणजे काय हे कोणाला शिकवावे लागत नाही. पोफळीची गळून पडलेली विरी ओली करून वाकवली की छप्पर होते, खाली पेंढ्याचे तुकडे, आणि शाडूची किंवा शेतातल्या चिकट मातीची चित्रे. मीठ घालून मळलेल्या मैद्याची चित्रे करतात, पण आपल्या खाऱ्या दमट हवेत ती आठ दिवसांत घाम सोडतात. मातीच बरी. छप्पर चिकटवायला तांदळाच्या पिठाची शिजवलेली खळ पुरते. वहीबांधणीवाले खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते इथे घालू नये. खळ आंबली की टाकून ताजी करावी.

वारली चित्रे काढणाऱ्या भगिनी इथे बसल्या आहेत. गेरूने सारवलेल्या मातीच्या झाकणीवर किंवा जुन्या सुपावर तांदळाच्या पिठाने काढलेला गोठा, बैल आणि नाचणारी माणसे याहून सुंदर नाताळची पाटी मी पाहिलेली नाही. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती याच पांढऱ्या पिठाच्या रेघेसाठी. फक्त लग्नातला देवचौक सजावट म्हणून काढू नये. तो पूजेचा आहे, सवाशिणींचा मान आहे. हे मला एका वारली आजीनेच डोळे वटारून सांगितले होते.

आता टांगायचे कुठे, ते माझ्या झालेल्या चुकीवरून सांगते. पेंढा प्लॅस्टिकसारखा वितळत नाही, पण प्लॅस्टिकपेक्षा लवकर पेट घेतो, हे विसरू नये. चूल असो वा गॅस, ज्योतीच्या वर काहीही नको आणि बाजूला किमान एक मीटर मोकळे हवे. गॅसच्या नळीला, सिलिंडरला किंवा विजेच्या वायरीला दोरा बांधू नये. दिव्यांच्या माळा पेंढ्यातून ओवू नयेत. देव्हारा किंवा वेदी स्वयंपाकघरातच असेल तर मेणबत्ती ताटलीत पाणी घालून मधे ठेवावी आणि गव्हाण तिच्यापासून दूर, वेगळ्या फळीवर. बांबूच्या कामट्यांचे आणि पतंगाच्या कागदाचे मोठे नक्षत्र दारातच शोभते, त्याला आत आणू नये. स्वयंपाकघरात सर्वांत चांगली जागा म्हणजे खिडकी आणि दाराची चौकट. माझ्या घरी तेवढीच वापरतो, ओट्याची भिंत कोरी असते. पुतणी आता मोठी झाली आहे. दरवर्षी ती येऊन त्या कोऱ्या भिंतीकडे पाहते आणि मला चिडवते.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की सगळे उतरवावे. लोंब्या कोंबड्यांना, मिरच्या मसाल्याच्या डब्यात, नाचणीची रोपे मातीसकट खताच्या खड्ड्यात किंवा परसातल्या केळीच्या बुंध्याशी, करवंट्या चुलीत. पेंढ्याच्या चांदण्या तेवढ्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, कडुनिंबाची वाळलेली पाने घालून पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, म्हणजे दोन-तीन वर्षे सहज टिकतात. माझ्याकडच्या दोन अजून आईच्या हातच्या आहेत.

भाषण संपल्यावर पुढच्या टेबलाजवळ या. भिजवलेल्या कांड्या, दोरा आणि कात्र्या ठेवल्या आहेत. पहिली चांदणी इथेच बसून करून पाहा, सुटली तर मी आहे. आणि ज्यांना १३ तारखेला नाचणी पेरायची आहे, त्यांनी ती ११ च्या रात्री भिजत घालायला विसरू नये.